तोफेवर कोरलेले नाव आणि मेंदूच्या नकाशातून गळालेले नाव

भूम आणि परंडा हे धाराशिव जिल्ह्यातील एकमेकांना लागून असलेले तालुके. परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात आजही जुन्या तोफा पाहायला मिळतात. मात्र एकेकाळी या किल्ल्यावर असलेली सर्वांत नामांकित तोफ आता तेथे नाही. ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. तिचे नाव मुलूखमैदान.

हिजरी ९५६, म्हणजे इ.स. १५४९ च्या सुमारास ही तोफ अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. निजामशाहीने ती परंड्यास आणली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याच्या कथेमुळे मराठी वाचकांस परिचित असलेला मुरार जगदेव तो हाच.

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तोफेवरचे कोरीव लेखन. त्यात निजामशाहाचे नाव आहे. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरवून घेतलेला मजकूरही आहे. आणि या दोघा सत्ताधीशांच्या सोबतीला तिसरे नाव आहे, ते ही तोफ घडवणाऱ्या महंमद नावाच्या रूमी कारागिराचे. ‘रूमी’ म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. हा एक शब्द पुसला गेला असता, तर दख्खनेतील तोफा ओतण्याची विद्या कोणत्या मार्गाने आली याचा एक ठोस पुरावा कायमचा हरवला असता.

साधन कोणी घडवले हे साधनावर लिहिलेले असणे, ही इतिहासाच्या दृष्टीने एवढी मोलाची गोष्ट आहे. आजच्या विज्ञानात मात्र ज्या साधनांनी मोठमोठे शोध लागतात, त्यांतील कित्येकांच्या घडवणाऱ्यांची नावे शोधनिबंधात सापडत नाहीत. मेंदूतील जनुकांचा अभ्यास आणि त्यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर हे त्याचे ठळक उदाहरण. त्या सॉफ्टवेअरचा संदर्भ देण्याची रीत कशी घडली, किंवा दीर्घकाळ कशी घडलीच नाही, त्याचा हा इतिहास.

प्रथम विषय समजून घेऊ. माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच सुमारे वीस हजार जनुके असतात. तरीही मेंदूची पेशी यकृताच्या पेशीसारखी नसते, कारण कोणत्या पेशीत कोणते जनुक चालू आणि कोणते बंद, हे वेगवेगळे असते. जनुक चालू असण्यास आणि त्याच्या चालू असण्याच्या प्रमाणास जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. ग्रंथालय एकच, कोणत्या दालनात कोणती पोथी उघडली आहे, एवढाच फरक.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे नाव आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने मेंदूच्या घडणीतील जनुकांवर दीर्घकाळ काम केले. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. एलएचएक्स-२ हे जनुक उंदराच्या गर्भातील मेंदूत काय करते, हा त्याचा विषय. या जनुकामुळे पेशी मेंदूचे बाह्यक होण्याच्या वाटेवर राहतात. ते काढून टाकले तर तेथे शेजारच्या पेशींना स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस घडवण्याचा आदेश देणारे केंद्र उभे राहते, आणि अशी केंद्रे एकाहून अधिक झाली तर हिप्पोकॅम्पसही एकाहून अधिक तयार होतात. एका जनुकाच्या असण्या-नसण्याने मेंदूचा नकाशा बदलतो.

अशा अभ्यासात मेंदूचे पातळ काप घेऊन विशिष्ट जनुक कोठे चालू आहे ते रंगाने दाखवता येते. एका जनुकासाठी हे काम डोळ्यांनी करता येईल. वीस हजार जनुकांसाठी नाही. येथे संगणक आला.

२००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी दहा कोटी डॉलर देऊन सिॲटल येथे मेंदू-संशोधनाची संस्था उभी केली. तिने उंदराच्या मेंदूतील सुमारे वीस हजार जनुकांचा नकाशा २००६ मध्ये पूर्ण केला. त्यानंतर मानवी मेंदूचा नकाशा हाती घेतला. त्यावरील मायकेल हॉरिलिच व सहकाऱ्यांचा निबंध २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. मरणोत्तर मेंदूदान केलेल्या सहा व्यक्ती, त्यांच्या मेंदूंतून घेतलेले ३,७०२ नमुने, आणि प्रत्येक नमुन्यात वीस हजारांच्या आसपास जनुकांची मोजणी. ही सारी माहिती संस्थेने जगासाठी विनामूल्य खुली केली. भूममधील एखाद्या विद्यार्थिनीजवळ संगणक आणि इंटरनेट असेल, तर हार्वर्डमधल्या प्राध्यापकाला मिळते तीच माहिती तिलाही मिळते. इतिहासप्रेमींना याचे मोल सांगावे लागत नाही. पेशवे दफ्तराचे दरवाजे अभ्यासकांना उघडावेत म्हणून किती वर्षे झगडावे लागले, हे त्यांना ठाऊक आहे.

माहिती खुली झाली खरी, पण ती कच्ची होती. सहा मेंदूंपैकी दोघांच्याच उजव्या बाजूचे नमुने घेतलेले. एकेका जनुकासाठी मोजणीचे अनेक शोधक, आणि त्यांतील काहींवर चुकीच्या जनुकाचे नाव. सहा माणसांचे मेंदू आकाराने वेगळे, त्यामुळे एकाचा बिंदू दुसऱ्याच्या मेंदूत नेमका कोठे बसतो हा आणखी एक प्रश्न. अशी माहिती वापरण्याजोगी करण्यासाठी पायरीपायरीने निर्णय घ्यावे लागतात.

भूमच्या लोकांना हे खव्यावरून चटकन कळेल. हा तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. दूध तेच असले तरी कढई कोणती, जाळ किती, ढवळणे कसे, उतरवायचे केव्हा, यावर खवा कसा होणार ते ठरते. नुसते ‘दूध आटवले’ असे सांगणाऱ्याचा खवा दुसऱ्याला जसाच्या तसा करता येणार नाही. मेंदूतील जनुकांवरील अनेक निबंध नेमके एवढेच सांगत होते.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील ऑरिना आर्नाटकेविचियुटे, बेन फुल्चर आणि ॲलेक्स फोर्निटो यांनी २०१९ मध्ये या सर्व निर्णयांची चर्चा करणारा मार्गदर्शक निबंध प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रॉस मार्केलो, ब्रातिस्लाव मिसिच आणि सहकाऱ्यांनी ‘अबाजेन’ नावाचे सॉफ्टवेअर ‘ईलाइफ’ या नियतकालिकातून मांडले. ॲलनच्या नकाशावर प्रक्रिया करण्याची सारी पायरीरचना त्यात एकत्र केलेली आहे, आणि तेही खुले व विनामूल्य आहे. मोनॅशचे ते तिघेही या निबंधाचे सहलेखक आहेत.

या निबंधातील एक आकडा वाचकाला थबकवतो. मार्केलो आणि सहकाऱ्यांनी प्रक्रियेतील १७ पायऱ्या निवडल्या आणि प्रत्येक पायरीवर संशोधक जे वेगवेगळे पर्याय वापरत होते ते एकत्र मांडले. त्यांच्या जुळण्या झाल्या ७,४६,४९६. कच्ची माहिती एकच, पण तीवर प्रक्रिया करण्याचे साडेसात लाखांच्या जवळपास मार्ग, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी सारखे जुळत नाहीत. सर्वाधिक फरक पडला तो जनुकांचे आकडे एका मापावर आणण्याच्या पायरीने. म्हणजे ‘ॲलनचा नकाशा वापरला’ एवढेच लिहिणारा निबंध वाचकाला लाखो वाटांच्या तोंडाशी उभा करून निघून जातो.

आता मागे वळू. शास्त्रज्ञ एकमेकांच्या निबंधांचे संदर्भ देतात, ही रीत जुनी आहे. ते संदर्भ मोजण्याची रीत मात्र तुलनेने नवी. अमेरिकेतील वकील जुन्या निवाड्यांचा आधार पुढे कोठे घेतला गेला याची सूची वापरत असत. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये तीच कल्पना विज्ञानासाठी मांडली आणि १९६० च्या दशकात त्यांची संदर्भ-सूची निघू लागली. हळूहळू संदर्भांची संख्या हे शास्त्रज्ञाच्या कामाचे माप बनले. नोकरी, बढती, अनुदान, सारे त्यावर ठरू लागले. हे माप योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण एकदा माप ठरल्यावर जे त्यात मोजले जात नाही ते जणू घडलेच नाही, असा व्यवहार सुरू झाला.

या सूचीने एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. सर्वाधिक संदर्भ मिळवणारे निबंध थोर सिद्धान्तांचे निघाले नाहीत. ते निघाले साधनांचे. २०१४ मध्ये ‘नेचर’ने सर्वाधिक संदर्भित शंभर निबंधांची यादी केली. तिच्या अग्रस्थानी होता ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध, द्रावणातील प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा. त्याचे संदर्भ तीन लाखांहून अधिक. लाउरी स्वतः त्याला फार थोर काम मानत नसत. जनुकांच्या ओळी जुळवणारे ‘ब्लास्ट’ हे १९९० चे सॉफ्टवेअरही पहिल्या पंधरांत होते.

याच यादीत इतिहासाच्या वाचकांना विशेष आवडेल असा एक निबंध आहे. जर्मनीतील गॉटिंगन विद्यापीठाचे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी १९७० च्या दशकापासून स्फटिकांची रचना उलगडणारे ‘शेलएक्स’ हे सॉफ्टवेअर लिहिले. २००८ मध्ये त्यांनी ‘शेलएक्सचा संक्षिप्त इतिहास’ या अर्थाच्या मथळ्याचा निबंध प्रसिद्ध केला आणि शेलएक्स वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हाच द्यावा असे त्यातच सुचवून ठेवले. परिणाम असा झाला की ज्या स्फटिकशास्त्रीय नियतकालिकात तो छापला त्याचा प्रभाव-गुणांक २ च्या आसपास होता, तो २००९ साठी ४९.९२६ वर गेला. जगातील अतिमान्य नियतकालिकांना एका सॉफ्टवेअरच्या इतिहासाने मागे टाकले. तीस वर्षे वापर चालू होताच. संदर्भ कोठे द्यायचा ते आता ठरले, इतकेच.

यात मर्म आहे. सॉफ्टवेअरला स्वतःच्या नावाने श्रेय मिळत नव्हते. ते मिळवण्यासाठी त्याला निबंधाचा वेष घ्यावा लागत होता. ज्याने निबंध लिहिला नाही, केवळ चांगले सॉफ्टवेअर लिहिले आणि वर्षानुवर्षे सांभाळले, त्याच्या खात्यावर काहीच जमा होत नव्हते.

हे केवळ अनुमान नाही. जेम्स हॉविसन आणि ज्युलिया बुलार्ड यांनी जीवशास्त्राचे ९० निबंध तपासून त्यांत सॉफ्टवेअरचा उल्लेख कसा येतो ते पाहिले. त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये छापले गेले. उल्लेखांपैकी रीतसर संदर्भ म्हणता येतील असे होते ३१ ते ४३ टक्के. बाकी ठिकाणी नुसते नाव, कोठे कंपनीचे शहर, कोठे ‘प्रयोगशाळेतच लिहिलेल्या आज्ञावलीने’ एवढेच. शिवकालीन पत्राच्या पाठीवर ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ अशी दप्तरनोंद शोधणाऱ्या वाचकाला या ढिलाईचे नवल वाटेल. सतराव्या शतकातील कारकून आपले कागद कोणत्या हातांतून गेले ते अधिक काळजीने नोंदवत होते.

आणि नोंद न ठेवल्याने नुकसान केवळ श्रेयाचे होत नाही. २०१२ मध्ये एड ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांनी मेंदूची छायाचित्रे मोजणाऱ्या ‘फ्रीसर्फर’ या सॉफ्टवेअरच्या निरनिराळ्या आवृत्त्या एकाच छायाचित्रसंचावर चालवून पाहिल्या. मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी सुमारे ९ टक्के फरक आला. माणसे तीच, मेंदू तेच, बदलली ती सॉफ्टवेअरची आवृत्ती. आवृत्तीचा क्रमांक न लिहिणाऱ्या निबंधातील फरक रोगाचा की आवृत्तीचा, हे वाचकाने कसे ओळखावे?

दुसरे उदाहरण हसू आणणारे आहे, आणि तितकेच त्रासदायकही. मज्जापेशींसह अनेक पेशींत काम करणाऱ्या सेप्टिन नावाच्या जनुकांची संक्षिप्त नावे ‘सेप्ट-१’, ‘सेप्ट-२’ अशी होती. एक्सेलमध्ये ती इंग्रजीत टाकली की एक्सेल त्यांना सप्टेंबरच्या तारखा समजे आणि तसे बदलून टाकी. ‘मार्च-१’ नावाच्या जनुकाचीही हीच गत. हा घोळ २००४ मध्येच दाखवून दिला गेला होता. तरीही २०१६ मध्ये मार्क झीमान आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या याद्या जोडलेले ३,५९७ निबंध तपासले तेव्हा ७०४ निबंधांत, म्हणजे जवळपास पाचव्या हिश्श्यात, अशा चुका निघाल्या. एक्सेल हेही सॉफ्टवेअरच. पण ते वापरले हे निबंधात लिहिण्याची गरज कोणालाच वाटत नसे, म्हणून चूक कोठून शिरली याचा माग काढणे अवघड जाई. अखेर जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये नवे नियम जाहीर केले आणि जनुकांचीच नावे बदलली. ‘सेप्ट-१’ झाले ‘सेप्टिन-१’. सॉफ्टवेअर आपल्या जागी राहिले आणि जनुकाने नाव बदलले, अशी ही विज्ञानाच्या इतिहासातील दुर्मीळ शरणागती.

सुधारणेचे प्रयत्नही याच काळात झाले. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा जनुकांच्या अभ्यासात सर्वत्र वापरली जाते. तिला एका शब्दाची आज्ञा दिली की तिचा संदर्भ कसा द्यावा ते तीच छापून देते. युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ मध्ये ‘झेनोडो’ हे भांडार उघडले. तेथे सॉफ्टवेअरची विशिष्ट आवृत्ती ठेवता येते आणि तिला निबंधासारखा कायमचा ओळखक्रमांक मिळतो. २०१६ मध्ये आर्फॉन स्मिथ, डॅनियल कॅट्झ आणि काइल निमायर यांनी एका कार्यगटाच्या वतीने सॉफ्टवेअर-संदर्भाची सहा तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील पहिले फार साधे आहे: सॉफ्टवेअर हे संशोधनाचे रीतसर फलित मानावे आणि निबंधाइतक्याच मानाने त्याचा संदर्भ द्यावा. शेवटचे तत्त्व आवृत्ती नेमकी सांगण्याचे. २०२१ मध्ये ‘गिटहब’ या सॉफ्टवेअर-संकेतस्थळानेही संदर्भाची स्वतंत्र फाइल ओळखण्याची सोय केली.

अबाजेनने त्यापुढे आणखी एक पाऊल टाकले. प्रक्रिया करताना तशी सूचना दिली तर ते सॉफ्टवेअर आकड्यांबरोबर एक अहवालही लिहून देते. कोणत्या पायरीवर कोणता पर्याय घेतला, त्या पर्यायाचा उगम कोणत्या निबंधात आहे, हे सर्व त्यात क्रमाने येते आणि शेवटी संदर्भांची यादी. संशोधकाने तो परिच्छेद आपल्या निबंधात घालावा, अशीच अपेक्षा. कारकुनाने कागदावर शिक्का उमटवून द्यावा, तसे हे साधन स्वतःच स्वतःची नोंद लिहून देते.

हे वापरणाऱ्यांनी संदर्भ द्यावेत तेही सुटे सुटे: मार्केलो आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा निबंध सॉफ्टवेअरसाठी, आर्नाटकेविचियुटे आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा निबंध पद्धतीसाठी, हॉरिलिच आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा निबंध मूळ नकाशासाठी, आणि शिवाय आवृत्तीचा क्रमांक. साधन घडवणारा, रीत शिकवणारा आणि कच्चा माल जमवणारा, तिघांची नावे वेगवेगळी राहतात. मुलूखमैदानवर निजामशाह, रूमी कारागीर आणि औरंगजेब यांची नावे अशीच एकमेकांत न मिसळता टिकली आहेत.

या साखळीत एक जागा मात्र मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. ज्या सहा व्यक्तींच्या मेंदूंवर हे सारे उभे आहे, त्यांची नावे कोठेही नाहीत. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला आहे, आणि नोंदीत वय, लिंग अशी मोजकी माहिती. पाच पुरुष, एक स्त्री. वये २४ ते ५७. जनुकांच्या माहितीवरून कुटुंबीयांचीही ओळख पटू शकते, म्हणून ही अनामिकता जपलेली आहे. तोफ ओतणाऱ्याचे नाव वाचता येते. त्या तोफेसाठी कोणाकोणाच्या घरचे तांबे वितळले, ते कोठेही कोरलेले नाही.